शाळेचे कौल मेमध्ये बदलायचे असते, मार्चमध्ये नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शिक्षणावरच्या सरकारी खर्चाची चर्चा दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत दोनच आकड्यांभोवती फिरते. एक, कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेले आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पुन्हा लिहून काढलेले राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के. दुसरा, शालेय शिक्षण विभागाची एकूण तरतूद. विभागाचा बहुतेक पैसा वेतनात जातो आणि तो जायलाच हवा. शिक्षकाशिवाय शाळा कसली? पण पगार वजा केल्यावर वीज, पाणी, खडू, झाडू, कौल, कडी-कोयंडा यांसाठी मुख्याध्यापकाच्या हाती वर्षाला किती रुपये येतात आणि ते कोणत्या महिन्यात येतात, हे सहसा कोणी विचारत नाही. हे पत्र त्या रकमेपुरते आणि त्या महिन्यापुरते आहे.

समग्र शिक्षा ही केंद्र-राज्य योजना २०१८-१९ पासून चालू आहे. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. तिच्यातून जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांना जे ‘संयुक्त शाळा अनुदान’ मिळते, ते पटावर, म्हणजे विद्यार्थिसंख्येवर, ठरते. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि हजाराच्या वर एक लाख. यातली किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची. खेळाच्या साहित्याला प्राथमिक शाळेत ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार वेगळे असतात. ग्रंथालयाचेही थोडे वेगळे. पण खेळाच्या पैशातून नळाची तोटी घेता येत नाही. जिल्हा परिषदेच्या सादिलची (किरकोळ खर्चाच्या रकमेची) तर गावोगाव वेगळी कहाणी आहे. थोडक्यात, शाळा चालवायचा खरा पैसा म्हणजे हे संयुक्त अनुदान.

आता या टप्प्यांकडे नीट पाहा. पट ३१ असेल तर २५ हजार. दोन मुले ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर गेली, पट २९ झाला, की १० हजार. छप्पर तेवढेच, संडास तेवढेच, विजेचे मीटर तेच. कमी झाली ती दोन मुले आणि त्यांच्याबरोबर पंधरा हजार रुपये. वेल्हे (आता राजगड), मुळशी, भोर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळा याच पहिल्या टप्प्यात मोडतात. वर्षाला १० हजार म्हणजे महिन्याला ८३३ रुपये. दुसऱ्या टोकाला शहरातली मोठी शाळा. २५१ मुलांच्या शाळेला ७५ हजार म्हणजे डोईमागे सुमारे ३०० रुपये, आणि हजार मुलांच्या शाळेलाही ७५ हजारच, म्हणजे डोईमागे ७५. छोट्या शाळेला इमारतीचा खर्च झेपत नाही, मोठ्या शाळेला मुलांचा, असा हा तक्ता आहे. तो आखणाऱ्याने शाळेचा खर्च कशावर अवलंबून असतो याचा विचारच केलेला दिसत नाही. काही खर्च इमारतीमागे असतो, काही मुलामागे. दोन्ही एकाच पायरीत कोंबले की दोघांचीही अडचण होते.

साठ पटाची, दोन वर्गखोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा धरू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे जिल्ह्यात अशा शाळा भरपूर. तिचा वर्षाचा साधा, कुठलीही हौस नसलेला खर्च आमच्या हिशोबाने असा येतो. वीज महिना साडेसातशे धरून वर्षाला ९ हजार. यात स्थिर आकार असतो, त्यामुळे मे महिन्यात एकही दिवा लागला नाही तरी बिल येते. इंटरनेट महिना पाचशे, म्हणजे ६ हजार; यू-डायस आणि सरल या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणाली, पोषण आहाराची रोजची नोंद हे सगळे ऑनलाइन मागितले जाते आणि ते आजघडीला अनेक ठिकाणी शिक्षकाच्या स्वतःच्या मोबाइलच्या डेटावर चालते. खडू, रजिस्टरे, कागद, प्रिंटरची शाई मिळून ८ हजार. पाण्याची टाकी वर्षातून दोनदा धुणे, मोटार, तोट्या, फिल्टर, ४ हजार. प्रथमोपचार पेटी, अग्निशामक नळकांड्याचे पुनर्भरण, बसायच्या पट्ट्या, ३ हजार. छप्पर आणि वायरिंगची पावसाळ्यापूर्वीची डागडुजी, १२ हजार. फिनेल, ब्लीचिंग पावडर, साबण, झाडू, ४ हजार. आणि संडास-आवाराच्या सफाईला रोज तासभर येणाऱ्या माणसाचे महिना दोन हजार, दहा महिन्यांचे २० हजार. बेरीज ६६ हजार. मिळतात २५ हजार, तेही पूर्ण आले तर.

उरलेले ४१ हजार कुठून येतात, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कागदावर ते कुठेच नसते. शिक्षक वर्गणी काढतात. सरपंच एखादे बिल भरतात. पालकांकडून ‘ऐच्छिक’ शंभर रुपये घेतले जातात. बाकीचे काम होत नाही. न झालेल्या कामांत पहिला नंबर संडासाचा.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, सफाई कामगाराचे पद नसते. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हा शिक्षण हक्क कायद्याचा निकष आहे आणि कागदोपत्री तो बहुतेक शाळांनी पुरा केला आहे. पण तो निकष बांधकामाचा आहे, वापराचा नाही. २५ हजारांचे दहा टक्के म्हणजे अडीच हजार. कामाचे २२० दिवस धरले तर दिवसाला ११ रुपये ३६ पैसे. एवढ्यात फिनेलची बाटलीसुद्धा महिनाभर पुरवून वापरावी लागते, माणूस कुठून आणणार? मग काय होते तेही ठरलेले आहे. टाकीत पाणी चढवणारी मोटार जळते, दुरुस्तीला दीड-दोन हजार लागतात, ते नसतात. पाणी बंद झाले की आठ दिवसांत संडास वापरण्याजोगा राहत नाही. त्याला कुलूप लागते. कुलूप लागलेला संडास तपासणीच्या दिवशी उघडला जातो आणि ‘आहे’ या रकान्यात खूण होते. सहावी-सातवीतल्या मुली पाणी पिणे टाळतात किंवा महिन्यातले चार दिवस शाळेलाच येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेशी बांधलेला होता. तो शाळेच्या संडासावर वापरायला आडकाठी नव्हती. पण त्यातून बांधकामे निघाली, झाडूवाला क्वचितच निघाला. बांधकामाचे उद्घाटन होते, झाडण्याचे होत नाही.

आता तारखेचा मुद्दा, जो आमच्या मते रकमेइतकाच मोठा आहे.

मुळशी, ताम्हिणी, वेल्ह्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या जुन्या शाळा मंगलोरी कौलांच्या. वानरांनी, फांदीने किंवा वळवाच्या वाऱ्याने चार-पाच कौले सरकतात, फुटतात. एका कौलाची किंमत फार नाही. बसवणाऱ्या माणसाची दिवसाची मजुरी धरली तरी हे काम दीड-दोन हजारांत उरकते. पण ते मे अखेरीपर्यंत झाले पाहिजे. न झाल्यास पाणी रिपेवर (कौलाखालच्या लाकडी पट्टीवर) येते, रिपेवरून वाशावर. पहिल्या पावसाळ्यात वासा फुगतो, दिवाळीनंतर त्याला वाळवी धरते, दुसऱ्या पावसाळ्यात आढे (छपराची मधली तुळई) बसते. तोवर भिंतीत मुरलेली ओल वायरिंगपर्यंत पोहोचलेली असते आणि हात लावला की बटण झिणझिणते. तिसऱ्या वर्षी अभियंता येऊन खोली ‘धोकादायक’ लिहून जातो. दोन हजारांचे काम कित्येक लाखांच्या प्रस्तावात बदलायला तीन पावसाळे पुरतात.

पत्र्याच्या खोल्यांचे दुखणे वेगळे. तिथे गळती पत्र्यातून नसते, बोल्टाच्या भोकातून असते. हुकाच्या बोल्टाखालचा वॉशर उन्हाने कडक होतो, तडकतो आणि पाणी थेंबाथेंबाने आत येते. वॉशर बदलणे हा पाच-दहा रुपयांचा आणि शिडीचा प्रश्न आहे. तो न बदलता वरून डांबर फासले की वर्ष निघते आणि पुढच्या वर्षी भोक मोठे होते. स्लॅबच्या खोल्यांत पन्हळीचे तोंड पिंपळाच्या पानांनी बुजते, गच्चीवर पाणी साठते, सळई गंजून फुगते आणि खालचे प्लॅस्टर पोपडे धरून पडते. ते सहसा पंख्याच्या हुकाजवळ, म्हणजे नेमके मुलांच्या डोक्यावर. या तिन्ही कामांना ना निविदा लागते, ना वास्तुविशारद. लागतात ते मे महिन्यात हाती असलेले पाच-दहा हजार रुपये.

आणि ते तेव्हा नसतातच. का नसतात? शाळेचा पट, खोल्या, संडास यांची माहिती यू-डायसमध्ये जाते. तिच्यावरून जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक बनते, ते मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे आणि तिथून दिल्लीला प्रकल्प मान्यता मंडळापुढे जाते. मंजुरी मिळाली की केंद्राचा हिस्सा हप्त्याने सुटतो, राज्याने त्यात आपला घालायचा, मग रक्कम राज्याच्या एकाच मुख्य खात्यात पडते. शाळेच्या खात्यावर पैसा येतच नाही. येते ती खर्चाची मर्यादा. या सगळ्या साखळीत एकही कडी घसरली की मर्यादा दिवाळीनंतर, कित्येकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडते, तीही कधी अर्धीच. आणि ३१ मार्चला रात्री न वापरलेली मर्यादा परत शून्य होते.

फेब्रुवारीच्या शेवटी मर्यादा आलेल्या शाळेत काय चालते ते बघण्यासारखे आहे. दोन शिक्षकांपैकी मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळणारा एक जण तालुक्याला पळतो. रक्कम ऑनलाइन प्रणालीत नोंदवलेल्या पुरवठादारालाच देता येते. गावातला कौले बसवणारा, मोटार दुरुस्त करणारा, नळवाला यांच्यापैकी कोणाचीही तिथे नोंद नसते, कारण त्याच्याकडे ना जीएसटी क्रमांक, ना छापील बिल. नोंद असते ती तालुक्याच्या स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानदाराची. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांच्या सह्यांनी आदेश निघतो. अध्यक्ष त्या वेळी कारखान्यावर किंवा चाकणला कामाला. सर्व्हर २८ तारखेपासून बसलेला. शेवटी जे चटकन बिलात बसते ते घेतले जाते. रजिस्टरे, रंग, फलक, पुन्हा रंग. पुण्याच्या आसपासच्या शाळांच्या भिंती एवढ्या रंगीत आणि छपरे एवढी गळकी का, याचे निम्मे उत्तर मार्च महिन्यात आहे. मग वरून शेरा येतो, ‘शाळांना दिलेला निधी अखर्चित राहतो, वाढवून काय उपयोग?’ पेरणी संपल्यावर बियाणे द्यायचे आणि पीक का नाही म्हणून विचारायचे, तसे हे झाले.

खोली एकदा धोकादायक ठरली की ‘निर्लेखन’ सुरू होते. हा शब्द शहरी वाचकाला ठाऊक नसेल. सरकारी मालमत्तेच्या नोंदीतून इमारत कमी करणे. व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव, बांधकामच्या उपअभियंत्यांची पाहणी आणि दाखला, जिल्हा परिषदेची मंजुरी, जुन्या साहित्याचे मूल्यांकन आणि लिलाव, मग पाडणे. एवढे होईतो मुले समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओसरीवर, नाहीतर उरलेल्या एका खोलीत चार इयत्ता पाठीला पाठ लावून. नवी खोली जिल्हा नियोजन समितीच्या किंवा समग्रच्या पैशातून यायची, तिची वेगळी रांग. पाडायला मंजुरी मिळाली पण बांधायला नाही, असाही मधला काळ असतो, आणि त्या काळात पट गळतो. पट गळला की अनुदानाचा टप्पा खाली. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, शिक्षक कमी. मग तीच शाळा ‘कमी पटाची’ म्हणून बंद करण्याच्या यादीत. पहिले कौल मात्र दोन हजारांत बदलता आले असते.

पोषण आहाराबद्दल थोडक्यात. १ मे २०२५ पासूनचा दर पहिली ते पाचवीला दर मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे, तांदूळ वेगळा. प्राथमिकच्या मुलाला २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. साठ मुलांना दिवसाचे ४०६ रुपये ८० पैसे. त्यात सव्वा किलोच्या आसपास डाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल, मीठ-मसाला आणि गॅस. किरकोळ बाजाराचे भाव लावले, डाळ १२० रुपये, तेल १५०, भाजी ४०, तर डाळ-तेल-भाजीचेच ३०९ होतात. गॅसचे नव्वद-शंभर आणि मसाल्याचे वीस धरले की रक्कम संपून वर जाते. टोमॅटो साठ रुपये झाला की आमटी पातळ होते, याला स्वयंपाकीणबाईंचा दोष नाही. त्यांचे मानधन महिना अडीच हजार, तेही दहा महिने. २२० दिवसांच्या हिशोबाने कामाच्या दिवसाला सुमारे ११४ रुपये पडतात. काम पूर्ण दिवसाचे नाही हे मान्य, पण सकाळी साडेआठला चूल पेटवून दुपारी दोनला भांडी घासून होतात, आणि २०२५-२६ साठी रोजगार हमीची राज्यातली मजुरी ३१२ रुपये होती. ग्रामीण शाळेत भाजी आणि इंधन आधी उधारीवर आणायचे असते, पैसे मागाहून येतात. किती मागाहून, ते वाण्याला विचारा. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंडी आणि साखरेची वर्षाची सुमारे ५० कोटींची तरतूद काढून घेतली आणि अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या असे सांगितले. ज्या गावात लोकांकडे अंडी द्यायची ऐपत आहे, त्या गावातल्या मुलांना शाळेतल्या अंड्याची गरज सर्वांत कमी असते.

लोकसहभाग आणि सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामांवरचा खर्च) ही दोन उत्तरे पुण्यात हमखास मिळतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायचे, आणि कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायचे. परिसर म्हणजे चाकण, रांजणगाव, हिंजवडी, तळेगाव. गाडी जिथवर सहज जाते तिथवर पैसा जातो. त्या पट्ट्यातल्या काही शाळांचे खरोखर भले झाले आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कंपनी अशी वस्तू देते जिच्यावर नाव लिहिता येते. स्मार्ट टीव्ही, बाके, पाण्याचा फिल्टर. टीव्हीचे वीजबिल, फिल्टरची वर्षाला बदलायची कँडल, संडास झाडणाऱ्याचा पगार यांवर नाव लिहिता येत नाही. दिलेल्या फिल्टरची कँडल दुसऱ्या वर्षी कोणी बदलत नाही आणि तो शोभेला उरतो. देणगीवर आवर्ती खर्च चालत नाही, हे घर चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

बक्षिसांचा मार्गही तसाच. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धेत राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख मिळतात. केंद्राच्या आदर्श शाळांच्या पीएमश्री योजनेत २०२२ पासून देशभरातल्या १४,५०० शाळांसाठी पाच वर्षांत २७,३६० कोटी ठेवले, म्हणजे सरासरी शाळेमागे पावणेदोन कोटींहून अधिक. त्या शाळांना मिळाले याचे दुःख नाही. पण कौल बदलण्यासाठी स्पर्धा जिंकावी लागत असेल, तर ज्या शाळेचे कौल फुटले आहे तीच स्पर्धेत मागे पडणार.

पैसा नाही, असे म्हणता येत नाही. निदान पुणेकराला तरी. आपल्या मिळकतकराच्या बिलात राज्य शासनाचा शिक्षण कर नावाची ओळ असते. १९६२ च्या कायद्याने तो महापालिका गोळा करते आणि राज्याला देते. आयकरावर आरोग्य आणि शिक्षण उपकर ४ टक्के, तो २०१८-१९ च्या आधी ३ टक्के होता. केंद्राचा उपकर राज्यांशी वाटून घ्यायच्या करांत धरला जात नाही, त्यामुळे त्यातले काय परत यायचे ते समग्रसारख्या योजनांच्या वाटेने, आणि ती वाट वर सांगितलीच. शिक्षणाच्या नावाने आपण दोनदा पैसे देतो.

हा वाद या शहराला नवा नाही. १९ ऑक्टोबर १८८२ ला महात्मा फुल्यांनी ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात तक्रार हीच होती की सरकारी महसूल रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर होतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्यांचीच. १६ मार्च १९११ ला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा खर्चाची वाटणीही सांगितली होती, दोन तृतीयांश सरकारचे, एक तृतीयांश स्थानिक संस्थेचे. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. निदान त्यांच्या विधेयकात कोण किती देणार हे स्वच्छ लिहिलेले होते. आज शाळेच्या संडासाच्या मोटारीचे दोन हजार कोणी द्यायचे हे कुठल्याही कायद्यात शोधून सापडत नाही.

आमची मागणी अशी आहे. पटाच्या पायऱ्या काढून टाका आणि अनुदानाचे दोन भाग करा. प्रत्येक शाळेला इमारतीपोटी ४० हजार, आणि प्रत्येक मुलामागे ४०० रुपये. साठ पटाच्या शाळेला ६४ हजार मिळतील, म्हणजे वरच्या हिशोबाच्या जवळ. २८ पटाच्या वाडीवरच्या शाळेला ५१ हजार २००. शहरातल्या ९०० मुलांच्या शाळेला ४ लाख. पट दोनाने घटला तर ८०० रुपये कमी होतील, पंधरा हजार नाही. राज्यात सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा सुमारे ६५ हजार. मुले पन्नास-पंचावन्न लाख धरू. इमारतीपोटी २६० कोटी आणि मुलांमागे २०० ते २२० कोटी, एकूण पाचशे कोटींच्या आत. २०२५-२६ चे राज्याचे अंदाजपत्रक सात लाख कोटींचे होते. शंभर रुपयांतले सात पैसे. त्यातलेही काही पैसे आजच्या अनुदानातून आधीच दिले जातात. दिल्लीची मंजुरी येईपर्यंत राज्याने आपल्या तिजोरीतून उचल द्यावी आणि मागाहून वळती करून घ्यावी. पगारासाठी सरकार हे करतेच.

इमारतीपोटीचे ४० हजार १५ मेपूर्वी आणि एकरकमी हवेत. मुलांमागचे सप्टेंबरनंतर, पटाची नोंद झाल्यावर आले तरी चालतील. न खर्चलेल्या रकमेपैकी निदान चौथा हिस्सा पुढच्या वर्षात ओढता यावा, म्हणजे मार्चमध्ये रंग घ्यायची वेळ येणार नाही. पाच हजारांपर्यंतची मजुरी गावातल्या कारागिराच्या बँक खात्यावर, व्यवस्थापन समितीच्या ठरावावर आणि कामाच्या आधीच्या-नंतरच्या फोटोंवर देता यावी. गैरव्यवहाराची भीती दाखवली जाईल. पाच हजारांत होऊन होऊन किती होईल, आणि ज्या समितीत ७५ टक्के पालक असतात त्यांच्या डोळ्यांदेखत होईल. तालुक्याच्या दुकानातल्या बिलावर तेवढी नजर कोणाची नसते. वीजबिल तर शाळेकडे पाठवूच नये. सरकारी शाळांची मीटरे महावितरणला ठाऊक आहेत, बिल थेट शासनाने भरावे. थकबाकीमुळे शाळेचा पुरवठा तोडला गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते, आणि वीज तोडलेल्या शाळेत देणगीतला टीव्ही भिंतीवर असतो.

ज्या वाचकांची मुले या शाळांत आहेत त्यांना एक करता येईल, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. एप्रिलच्या समितीच्या सभेत छपराची पाहणी हा विषय लावून घ्या. शिडी आणा, किती कौले, किती वॉशर, कोणती पन्हळ, हे मोजून इतिवृत्तात आकड्यांनी लिहा, सही करून त्याची प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना) द्या आणि पोच घ्या. जूनमध्ये खोली गळली तर हा कागद लागतो. आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर मिळालेल्या अनुदानाची रक्कम जिथे रंगवलेली असते, तिच्या शेजारी ती ज्या दिवशी आली ती तारीखही रंगवून घ्या.

आपले,

शाळा व्यवस्थापन समित्यांचे काही सदस्य आणि निवृत्त मुख्याध्यापक,
पुणे